लोकलमध्ये बर्लिओझ

आज चक्क विंडो सीट मिळाली, मग हेडफोन लावून फ्रेंच संगीतकार बर्लिओझची सिंफनी फँटास्टिक ही वाद्यवृंदाची रचना ऐकत बसलो. १८२७ला पॅरिसमध्ये हॅरिएट स्मिथसन या नटीला ‘हॅम्लेट’मधल्या ऑफेलियाच्या रोलमध्ये बघून हा बाबा पार वेडा झाला, ती काही दाद देईना तर पठ्ठ्याने १८३०ला अख्खी सिंफनीच लिहून काढली! तिची म्हणून एकच धून पाचही भागांत फिरते, वॉल्ट्झच्या नाचात गोड आणि शेवटी चेटकिणींच्या नाचात चिरक्या छोट्या क्लॅरिनेटवर, अगदी वेडावून दाखवल्यासारखी. व्हायोलिनवाले तर तिथे गजाच्या (बो) लाकडाने तारा बडवतात, हाडं खडखडल्यासारखं वाटतं राव. चौथ्या भागात, मुंडकं उडवणाऱ्या गिलोटिनचं पातं पडायच्या आधी ती धून जेमतेम सुरू होते अन् धाडकन तुटते, मी असा दचकलो की शेजारचे काका बघायलाच लागले. १८३३ला लग्नही झालं बरं का त्यांचं, टिकलं नाही ते वेगळं. या नादात माझं ठाणं गेलं, मुलुंडवरून परत आलो.