गुरुवारची लाइट आणि हिरवे दिवे

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास लाइट जाते, त्याआधी मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन सगळं उरकून घ्यायचं, टाकीत पाणी चढवून ठेवायचं आणि मग दुपारपर्यंत वारा घालत बसायचं. आता दर गुरुवारी जात नाही म्हणा, पण गेली की आख्खी सोसायटी करवादते. मी एकटाच असा आहे की गुरुवारी लाइट गेली नाही तर माझा मूड जातो. माझी शिफ्ट दुपारची, त्यामुळे सकाळ मोकळी, आणि लाइट गेल्यावर शॉर्टवेव्हवर जी शांतता होते ना, ती पुण्यात एरवी विकत घेतो म्हटलं तरी मिळत नाही.

तर हा उद्योग म्हणजे डीआरएम पकडणं. डिजिटल रेडिओ मोंडियाल. सिनेमे कॉपी करू देत नाही ते डीआरएम वेगळं, हे रेडिओवालं. शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हवरूनच, पण आवाजाच्या जागी डेटा पाठवतात, आणि आपल्याकडे डिकोड झाला की एफएमच्या जवळपास जाईल असा स्वच्छ आवाज येतो. २००३ पासून रीतसर चालू आहे आणि आपल्याकडे आकाशवाणीने तर देशभर तीसच्या वर मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएमचे लावलेत, त्यात पुण्याचा शंभर किलोवॅटचा, ७९२ किलोहर्ट्झवरचा पण आहे. हे मला माहीत असायच्या आधीच मी त्याच्यावर एक दिवस वाया घालवला होता तो किस्सा आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या जुन्या सेटवर पुणे केंद्राच्या अगदी शेजारी एकदम सूऽऽ अशी खरखर यायला लागली. एकसारखी, वरखाली न होणारी. बाबा म्हणाले गँग, म्हणजे स्टेशन लावताना आत फिरतो तो भाग, खराब झाला. मग मी सेट उघडला, गँग साफ केला, काटा हलवणारी दोरी सुटली, ती परत ओवताना घाम फुटला, शेवटी पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तो म्हणाला सेट एकदम ओके आहे. खरखर तशीच! नंतर कधीतरी कळलं की ती खरखर म्हणजेच डिजिटल सिग्नल होता, जुन्या अ‍ॅनालॉगला खेटून लावलेला. साध्या रेडिओला तो नुसता आवाज वाटतो. म्हणजे आम्ही दुरुस्त करत होतो ते आकाशवाणीचं प्रक्षेपण होतं.

बाबा शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी ऐकायचे. ३१ जानेवारी २०२० ला ते बंद झालं, त्यानंतर त्यांनी सेटवर कव्हर घातलं ते घातलंच. मला तेव्हा शॉर्टवेव्हमध्ये फार रस नव्हता, खरं सांगायचं तर तो बीबीसी बंद झाल्यावरच आला.

सामान फार नाही लागत. एक आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावून सॉफ्टवेअरने चालवायचा रेडिओ, पेनड्राइव्हएवढा. ही मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघायची स्वस्त चीज होती, २०१२ च्या सुमारास लोकांना कळलं की आतल्या चिपमधून कच्चा सिग्नल बाहेर काढता येतो आणि मग जगभर त्याचा रेडिओ झाला. माझा जरा सुधारित, व्ही थ्री, त्यात डायरेक्ट सॅम्पलिंग करून, म्हणजे ट्यूनर टाळून सिग्नल थेट चिपला देऊन, शॉर्टवेव्ह घेता येते. अँटेना म्हणजे गच्चीवर टाकीच्या पाइपपासून पलीकडच्या कठड्यापर्यंत ताणलेली अठरा मीटर तांब्याची वायर, खाली यायला केबलवाल्याने टाकून दिलेली वायर (पुण्यातल्या गच्च्यांवर ही इतकी पडलेली असते की विकत कशाला घ्यायची), आणि मधे तपकीर गल्लीतून आणलेल्या फेराइट रिंगवर घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. सेक्रेटरी काका दुसऱ्याच दिवशी हजर. "अहो हे काय टॉवर वगैरे नाही ना? रेडिएशन?" म्हटलं काका, ही फक्त ऐकते, बोलत नाही. ते म्हणाले, "मग बरंय, सोसायटीत असं कोणीच नाही."

कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय येतंय ते लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसतं, जेवढा सिग्नल जोरात तेवढं उजळ. पहिल्यांदा लावलं तेव्हा पूर्ण स्क्रीनवर ७९२ आणि त्याची पिलावळ. घराच्या इतक्या जवळ शंभर किलोवॅट म्हटल्यावर बिचारा आठ बिटचा डोंगल गुदमरतो, जिथे बघावं तिथे पुणे केंद्रच ऐकू येतं, भलत्याच मीटर बँडवर बातम्या लागतात. त्यावर उपाय हाय पास फिल्टर, म्हणजे मीडियम वेव्ह खालीच अडवायची. तो लावल्यावर पुणे केंद्र गेलं आणि त्याच्याखाली दडलेलं दिसलं ते पुणे शहर. म्हणजे शहराचा कचरा. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर, लिफ्ट हलली की स्क्रीनवर आडवे पट्टे. इथून ऐंशी किलोमीटरवर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश आहेत, ती जागा निवडताना तिथे माणसांचा रेडिओ गोंगाट कमी आहे हेही बघितलं होतं. त्यांना पर्याय होता हो. माझा टू बीएचके आहे.

मग मी एका रविवारी जुन्या बाजारातून एक ट्रान्झिस्टर आणला, सेलवर चालणारा, तो हातात धरून घरातले एमसीबी एकेक करून पाडत गेलो. हॉल, काही नाही. किचन, थोडं. बेडरूम, थोडं. पण मुख्य गोंगाट जाईना. शेवटी सापडला तो देवघरात. आईने दिवाळीला लावलेली एलईडीची माळ, देवाच्या फोटोभोवती, तेव्हापासून चोवीस तास चालू. तिचा तो डबीएवढा अडॅप्टर म्हणजे एक ट्रान्समीटरच होता म्हणा ना. आता देवाला बंद कर म्हणायचं कसं? बरीच बोलणी झाली, शेवटी माळ सणावारी आणि एरवी समई यावर मिटलं. पण घरचा गोंगाट गेला तरी वरच्यांचा, खालच्यांचा, समोरच्या बिल्डिंगचा आहेच, प्रत्येकाच्या देवघरात जाऊन एमसीबी कोण पाडणार. म्हणून गुरुवार.

सिग्नल आतून कसा असतो ते थोडं सांगतो कारण मला त्यातच जास्त मजा आली. शॉर्टवेव्ह आकाशात उंच आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थराला आपटून खाली येते, आणि एकाच वाटेने येत नाही, कधी एक उडी, कधी दोन, त्यामुळे एकच निरोप थोड्या थोड्या फरकाने तीन-चारदा पोचतो आणि एकमेकांत मिसळतो. जुन्या रेडिओवर आवाज लाटेसारखा यायचा-जायचा तो त्यामुळेच. डीआरएमवाल्यांनी काय केलं, एका माणसाला पळवत निरोप पाठवण्यापेक्षा दिंडी काढली. दहा किलोहर्ट्झच्या रुंदीत दोनशेच्या वर बारीक कॅरियर, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या लहरी, प्रत्येक जण सावकाश चालणारा, सेकंदाला जेमतेम साडेसदतीस पावलं, आणि प्रत्येक पावलात ५.३३ मिलिसेकंद राखून ठेवलेली, मागून येणारे प्रतिध्वनी त्यात विरून जावेत म्हणून. तेवढ्या वेळात प्रकाश सोळाशे किलोमीटर जातो, म्हणजे दोन वाटांमध्ये सोळाशे किलोमीटरचा फरक असला तरी दिंडी विस्कटत नाही. शिवाय डेटा दोनेक सेकंदांत विखरून पाठवतात, मधेच सिग्नल बसला तर एकाच शब्दाचा बळी जाऊ नये. एवढं सगळं करून हातात पडतात फार तर वीसेक किलोबिट. त्यात बोलणं छान येतं, गाणं जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. काही लोक सीडी क्वालिटी वगैरे म्हणतात, त्यांनी सीडी कधी ऐकली होती मला माहीत नाही.

स्क्रीनवर ओळखायला सोपा. साधं स्टेशन मधे एक रेघ आणि दोन्हीकडे पिसारा असं दिसतं. डीआरएम म्हणजे कडा कातरलेली चौकोनी वडी, आणि नीट बघितलं तर तिच्यात तीन रेघा जरा जास्त उजळ. बस, ती दिसली की एसडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये अप्पर साइडबँड (फक्त वरची बाजू ऐकायचा मोड) लावून पाच किलोहर्ट्झ खाली उभं राहायचं, आवाज व्हर्च्युअल केबलमधून, म्हणजे लॅपटॉपमधल्या आतल्या आतच, ड्रीम नावाच्या डिकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा. ड्रीम फुकट आहे, जर्मनीत डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत सुरू झालं. त्यात छोटे दिवे आहेत, लाल, पिवळे, हिरवे. सगळे हिरवे झाले की जिंकलात.

पहिला गुरुवार. सकाळी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर, आणि गोंगाट जाऊन स्क्रीन काळी कुळकुळीत झाली, मी असं कधी बघितलंच नव्हतं. आणि १३६९० किलोहर्ट्झच्या आसपास एक सुंदर वडी. मजबूत सिग्नल. ड्रीमला दिला. लाल. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, विंडोजने साउंडमध्ये स्वतःच्या मनाने लावलेली एन्हान्समेंट बंद केली, सॅम्पल रेट अठ्ठेचाळीस हजार केला. लाल ते लालच. दुपारी लाइट आली आणि वडी गोंगाटात बुडाली.

त्या आठवड्यात कळलं काय झालं ते. माझा डोंगल सेकंदाला २८.८ दशलक्ष नमुने घेतो, त्यामुळे डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये १४.४ मेगाहर्ट्झला जणू आरसा लावलेला आहे. पलीकडची स्टेशनं अलीकडे दिसतात, आणि आरशातलीच म्हणून उलटी. २८८०० मधून १३६९० वजा करा, १५११०. म्हणजे मी आख्खी सकाळ प्रतिबिंबाला कुलूप लावत होतो. साध्या स्टेशनला उलटं-सुलटं फरक पडत नाही, दोन्ही बाजू सारख्याच, पण इथे दिंडीतला पहिला वारकरी शेवटी आणि शेवटचा पहिला झाल्यावर ड्रीमला काय बोध होणार. ड्रीममध्ये स्पेक्ट्रम उलटवायची एक टिकमार्क आहे. एक. टिकमार्क.

दुसरा गुरुवार. टिकमार्क केली. पहिला दिवा हिरवा, दुसरा हिरवा, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि वर स्टेशनचं नाव आलं. रेडिओ कुवेत! अडीच-तीन हजार किलोमीटरवरून अक्षरं चालत आली होती गच्चीवरच्या तारेवर. मी "आई" म्हणून ओरडलो. आई आली, म्हणाली, "आवाज कुठाय?"

आवाज नव्हता. ड्रीम फुकट असलं तरी त्यातला आवाज उलगडणारा भाग लायसन्सच्या भानगडींमुळे सोबत देत नाहीत, ती फाइल वेगळी आणून फोल्डरमध्ये टाकायची असते. राउटर बंद, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केली तर ती बत्तीस बिटची आणि माझं ड्रीम चौसष्टचं, दुसरी शोधेपर्यंत एक वाजला, खाली लिफ्टचा टुंग आवाज आला आणि माझे सगळे दिवे एकेक करून लाल. आई म्हणाली, "मी मार्गशीर्षातलेच गुरुवार करते, तू बारा महिने कर."

तिसऱ्या गुरुवारी लाइट गेलीच नाही. तो धरत नाही.

चौथ्या गुरुवारी साडेअकराला आवाज आला. इंग्लिश, एक बाई काहीतरी सांगत होत्या आणि मग गाणं, मधेच चक्क दीड सेकंद सगळं गप्प, मग परत जिथल्या तिथे. डिजिटलचं हेच आहे, एकतर सगळं नाहीतर काहीच नाही. बाबा बीबीसी ऐकताना खरखरीतून अर्धं वाक्य यायचं आणि उरलेलं ते स्वतः पूर्ण करायचे, कधीकधी बातमीपेक्षा बरं करायचे. इथे तशी सोय नाही. बाबा येऊन बसले, दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे फार." तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेटचं कव्हर धुवायला टाकलेलं दिसलं.

आता रात्रीही थोडं जमतं. अकरानंतर समोरच्या बिल्डिंगचे दिवे विझतात तसा तळाचा गोंगाट एकेक पायरी उतरतो. आकाशवाणीचं परदेशासाठीचं डीआरएम बेंगळुरूहून ७५५० वर यायचं ते मी सव्वाअकराला लावून बसायचो, युरोपकडे सोडलेला तो झोत पुण्याच्या डोक्यावरूनच जातो, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. पण डोक्यावरून जातो म्हणजे आपल्या पदरात पडतोच असं नाही, बऱ्याच रात्री नुसतं नाव यायचं आणि आवाजाला दिवा पिवळाच.

आणि एक गंमत. दाजींनी गाडी घेतली, मी सहज म्युझिक सिस्टिम चाळत होतो, त्यात एएम, एफएमच्या शेजारी डीआरएम! त्यांना वाटत होतं ते कसलंतरी लॉक आहे. मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत हे गेली काही वर्षं कंपनीतूनच बसून येतंय आणि लोकांना पत्ता नाही. म्हणजे मी वायर, फिल्टर, आरसा, फाइल करत चार गुरुवार घालवले आणि दाजी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बटण दाबून पुणे केंद्र डिजिटल ऐकतात. ऐकतात म्हणजे, मी लावून दिलं तेव्हा ऐकलं, मग परत ब्लूटूथ. माझं म्हणणं एवढंच की ट्रान्समीटरवर एवढा खर्च केला तर साधा हजार-बाराशेचा घरगुती सेट आधी बाजारात यायला हवा होता, गाडीत बसून कोण आकाशवाणी ऐकतंय.

सध्या चिनी स्टेशनांच्या मागे आहे, २२ मीटर बँडला दिवसा त्यांच्या वड्या दिसतात, आणि त्या आरशाच्या अलीकडे असल्याने सुलट्या. उद्यासाठी सगळं तयार ठेवलं होतं. लॅपटॉप फुल चार्ज, फाइल बरोबर, टिकमार्क काढलेली. आत्ताच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, "उद्या गुरुवारी वीजपुरवठा सुरळीत राहील." खाली सव्वीस अंगठे. त्यात एक आईचा.