कोरेगावच्या बांधावर एक सकाळ

जानेवारीतल्या रविवारी साडेसहालाच साताऱ्यातून निघालो. माहुलीवरून कृष्णा ओलांडली की कोरेगाव फार लांब नाही. तिथे मावसभावाची, म्हणजे दादाची, वांगी आहेत. दादानं यंदा बांधाला तणनाशक मारलं नव्हतं, ते बघायचं होतं. शेजारच्या रानाचा बांध मात्र जाळून काळा केलेला.

मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, दोन्हीकडे होताच. पण दादाच्या रानात बांधालगतच्या चार-पाच सऱ्यांमध्ये पान उलटलं की मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड), नाहीतर त्याची अळी. केसासारख्या देठावर उभी असलेली क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका मित्रकिडीची, अंडीही सापडली. मधल्या सऱ्यांकडे गेलो तसं हे सगळं विरळ होत गेलं. शेजारी अर्ध्या तासात दोनच ढालकिडे दिसले. दोघांच्या फवारण्याही वेगळ्या, त्यामुळे सगळं श्रेय बांधाला देता येणार नाही.

तरी बांध काय करतो ते डोळ्यांसमोर होतं. एकदांडीचं तण फुललं होतं, कोथिंबीर बियाण्याला सोडलेली, आणि तिच्यावर सिरफिड माश्या हवेत एकाच जागी तरंगत होत्या. मोठी माशी मावा खात नाही, तिला मध आणि पराग लागतात. मावा फस्त करते ती तिची अळी. फूलच नसेल तर माशी अंडी घालायला थांबेल कशाला?

बघायला जाणार असाल तर ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत पोचा. दहापट भिंग आणि पांढरा कागद न्या. फांदीखाली कागद धरून टिचकी मारा, म्हणजे बारीकसारीक खाली पडतं. नुकती फवारणी झालेल्या रानात जाऊ नका.

वांग्यात एक फसगत हमखास होते. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, चपळ. दादा आजवर ती कीड समजून चिरडत आला, याचं मला फार वाईट वाटलं. उलट मळकट, अंगावर लव असलेला ठिपकेदार भुंगेरा पान खरवडून जाळी करतो. त्याची अळी पिवळी, काटेरी. ती मात्र वेचून काढा.

बांध राखायचा म्हणजे सगळंच तण राखायचं नाही. गाजर गवत आणि पेठारी या तणांवर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड पोसते, ती फुलायच्या आत उपटा. कोथिंबीर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं टाकली तर फुलं खंडत नाहीत.

दादा आता बांधाला चवळी लावणार आहे. तिच्यावरचा काळा मावा सहसा वांग्यावर जात नाही, आणि ढालकिड्यांना खायला मिळतं. मार्चमध्ये पुन्हा जाऊन सऱ्या मोजणार आहे.