लांब बॅरलचा हिशेब: पॉइंट टू-टू सेमी-ऑटो आणि एअर रायफल, उन्हाळ्यापर्यंतची नोंद

मागच्या नोंदीनंतर दोन कामं पुढे सरकली. सेमी-ऑटो (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या) पॉइंट टू-टू म्हणजे .२२ इंच बोअरच्या रायफलीसाठी १८ इंची आणि २२ इंची जाड बॅरलची तुलना कागदावर पूर्ण झाली, आणि १० मीटर एअर रायफलवर पुढची ट्यूब लावून फ्रंट साइट (नेम धरायचा पुढचा भाग) १५० मिलिमीटर लांब नेण्याचं काम संपलं. दुसऱ्या कामाने पहिल्याचं उत्तर बरंचसं देऊन टाकलं, म्हणून दोन्ही एकाच नोंदीत घेतो.

लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगरकडच्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांचा रोजचा हात एअर रायफलवर. सेमी-ऑटो पॉइंट टू-टू असणारे मोजकेच. तरी 'बॅरल किती लांबीची बरी' हा प्रश्न सगळ्यांचा एकच, आणि त्यावर 'लांब तितकी अचूक' हे उत्तर ठरलेलं. ते अर्धंच खरं आहे.

वेगाचं आधी मिटवून टाकू. पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसात दारू इतकी थोडी असते की १६ ते १८ इंचांपर्यंत तिचा जोर जवळपास संपतो. पुढच्या इंचांमध्ये गॅसचा दाब आणि बॅरलचं घर्षण यांची बरोबरी होत जाते, आणि फार लांब बॅरलमध्ये वेग किंचित उतरतोही. २२ इंची बॅरलकडून वेग वाढेल या आशेने पैसे घालायचे असतील तर घालू नका. मोठ्या सेंटरफायर (तळाच्या मधोमध टोला बसणाऱ्या) काडतुसांचं गणित वेगळं. .२२३ सारख्या काडतुसात दर इंचामागे ढोबळमानाने सात ते दहा मीटर प्रति सेकंद मिळतात, म्हणून परदेशात २० इंची सेमी-ऑटो रायफलीचे चाहते अजून टिकून आहेत. त्यांच्या बाजूने आणखी एक कारण आहे: २० इंची बॅरलवर बोल्ट मागे ढकलणाऱ्या गॅसचं छिद्र चेंबरपासून (काडतूस बसतं त्या खणापासून) साधारण १२-१३ इंच पुढे असतं, तिथे दाब उतरलेला असतो, त्यामुळे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) हळुवार मागे येतो आणि भागांवर मार कमी बसतो. तीच रायफल २४ इंची केली की छिद्राच्या पुढे बॅरल जास्त उरते, गॅस जास्त वेळ दाबून राहतो, आणि बोल्ट पुन्हा जोरात धावतो; मग छिद्र आणखी पुढे न्या नाहीतर गॅस कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसवा. आपल्याकडे असल्या सेमी-ऑटो सेंटरफायर रायफली साध्या परवान्यावर मिळत नाहीत, तेव्हा हा विषय इथेच सोडतो.

आता आवाजाचा वेग. हा मुद्दा मराठवाड्यातल्या माणसाने नीट लक्षात घ्यावा असा आहे. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीचं) काडतूस साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंदाने निघतं, हाय व्हेलॉसिटीचं ३७५ ते ३८५ च्या आसपास. हवेतला आवाजाचा वेग तापमानावर चालतो: १० अंशाला सुमारे ३३७, ४२ अंशाला सुमारे ३५६ मीटर. म्हणजे ३४५ ने निघणारी एखादी बॅच डिसेंबरच्या परभणीच्या पहाटे आवाजाच्या पुढे पळते, थोड्याच अंतरावर आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि त्या उताराच्या टप्प्यात डगमगते. तीच बॅच मेच्या दुपारी पहिल्यापासून आवाजाच्या खाली राहते. उन्हाने दारू थोडी चपळ होते आणि वेग जरा वाढतो, पण आवाजाच्या वेगातल्या वाढीइतका नाही. 'थंडीत रायफल बिघडली' अशी तक्रार आली की आधी काडतुसाच्या डबीवरचा वेग आणि त्या वेळचं तापमान बघा, बॅरलला दोष नंतर द्या. ५० मीटरवर स्टँडर्ड व्हेलॉसिटीच वापरली तर ही कटकट बाराही महिने टळते.

मग लांब बॅरल हवीहवीशी का वाटते? पहिलं कारण तोल. २३.४ मिलिमीटर जाडीची म्हणजे .९२० इंची बुल बॅरल पोलादाची असेल तर दर इंचाला जवळपास ८० ग्रॅम वजन. १८ ची २२ केली की सव्वातीनशे ग्रॅम वाढतात, आणि ते वाढतात बॅरलच्या मुळापासून सरासरी २० इंच पुढे. तोलबिंदू बॅरलच्या मुळाशी असलेली साडेतीन किलोची रायफल घेतली तर तो यामुळे चार सेंटीमीटरच्या आसपास पुढे सरकतो. उभ्याने नेम धरताना टोक थरथरत नाही, सावकाश झुलतं. हे सुख खरं आहे, नाकारत नाही. पण तोल परत जागेवर आणायचा तर दस्त्याच्या टोकाला, मुळापासून ३५० मिलिमीटर मागे, साडेचारशे ग्रॅम शिसं भरावं लागतं. सव्वातीनशेच्या बॅरलने पाऊण किलोचा हिशेब केला. उभ्याने मारणाऱ्या सडपातळ पोरांना हे वजन पुढच्या खांद्यात आणि कमरेत जाणवतं. पालथं पडून मारणाऱ्याला पट्टा असतो, त्याचं फारसं बिघडत नाही.

दुसरं कारण कडकपणा, आणि इथे लांबी उलट्या बाजूला उभी असते. टोकाला मोकळ्या दांड्याचा ताठपणा लांबीच्या घनाने कमी होतो: १८ वरून २२ इंच केली की ५५ टक्क्यांवर येतो. जाडीचा मात्र चौथा घात लागतो, म्हणून १६ मिलिमीटरची बॅरल २३ ची केली की ताठपणा चौपटीहून जास्त. लांब बॅरलचं जे कौतुक होतं त्यातलं बरंचसं जाडीचं असतं. जाड आणि आखूड, १६ ते १८ इंची बॅरल दुर्बिणीसह वापरणाऱ्याला पुरते, आमचं मत तरी तसंच झालं आहे.

यात एक खोड. रूगर १०/२२ पद्धतीच्या रायफलीत बॅरल रिसीव्हरला (बोल्ट बसवलेल्या मधल्या सांगाड्याला) मळसूत्राने नाही, खालच्या व्ही-ब्लॉकने आणि दोन स्क्रूंनी धरलेली असते, आणि रिसीव्हर ॲल्युमिनियमचा. लांब जाड बॅरल पूर्ण मोकळी तरंगत ठेवली तर तिचा सगळा भार त्या छोट्या पकडीवर. बॅरल नाक खाली करते, आणि त्याची खूण अशी: दुर्बिणीचा वरचा समायोजन-डायल संपत आला तरी ग्रुप (लागोपाठच्या गोळ्यांचा पुंजका) खालीच. स्क्रू आणखी आवळून हे सुटत नाही, उलट बॅरलचं मूळ खाली ओढलं जातं. दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेऱ्याने आवळा, एक आधी पूर्ण आणि मग दुसरा असं नको. तरी नाक खाली असेल तर दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, बॅरलखाली जाड कागदाची किंवा पातळ रबराची पट्टी ठेवून हलका आधार द्या. 'बॅरल कुठेच टेकू नये' हा नियम बोल्ट रायफलींचा. इथे तो जसाच्या तसा चालत नाही.

चेंबरचीही एक गोष्ट. मॅच बोल्ट रायफलीचं घट्ट चेंबर सेमी-ऑटोत आणलं की गरम झाल्यावर रिकामं कवच अडकतं. बेंट्झ चेंबर याच कारणासाठी: गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना) बऱ्यापैकी जवळ, पण कवच निघायला जागा आहे. बॅरल निवडताना लांबी नंतर विचारा, चेंबर आधी विचारा. ओळख सोपी: पहिल्या दोन-तीन मॅगझिनला छान चालते, मग कवच अर्धवट बाहेर येऊन अडकायला लागतं; पुसून थंड केली की पुन्हा चालते.

आता ज्या गोष्टीने गणित बदललं त्याकडे. लोखंडी साइटने मारताना लांबीचा सगळ्यात मोठा फायदा गोळीला होत नाही, डोळ्याला होतो. रिअर साइट आणि फ्रंट साइट यांच्यातलं अंतर ७०० मिलिमीटर असेल आणि संरेखनात ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर छर्रा १.४ मिलिमीटर सरकतो. अंतर ८५० केलं की तीच चूक १.२ मिलिमीटरवर येते. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. ५० मीटरवर तेच आकडे ७.१ आणि ५.९ मिलिमीटर, आणि तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं.

हे अंतर वाढवायला बॅरल लांब लागतच नाही. चांगल्या १० मीटर एअर रायफलींची खरी रायफलिंगची बॅरल ४२० मिलिमीटरच्या आसपास असते. पुढे दिसणारा लांब भाग नुसती मोकळी ट्यूब, तिच्या टोकावर फ्रंट साइट. बनवणारे असं का करतात ते वेळेच्या हिशेबात दिसतं. १७५ मीटर वेगाने चाललेल्या छर्‍याला शेवटचे १०० मिलिमीटर कापायला अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त लागतो, आणि तोवर रायफल हलली तर छर्राही तिच्याबरोबर वळतो. रायफलिंग संपलं की ट्यूबमध्ये छर्रा मोकळा असतो, हाताची हालचाल त्याला वळवत नाही. साइटचं अंतर मिळतं, बॅरलमधला वेळ वाढत नाही. पॉइंट टू-टू मॅच रायफलींवरही पुढे ट्यूब लावून आखूड बॅरल ठेवतात ते याचसाठी. २२ इंची बॅरलपेक्षा १८ इंची आणि वर हलकी ॲल्युमिनियमची ट्यूब हा पर्याय लोखंडी साइटवाल्यांसाठी सरस ठरतो, वजनातही.

ट्यूब लावताना जे चुकतं ते असं. ट्यूबची आतली पोकळी छर्‍यापेक्षा बरीच मोठी हवी आणि बॅरलशी सरळ रेषेत हवी. घासत असेल तर ग्रुपमध्ये एखादा छर्रा कारण नसताना भरकटतो आणि ट्यूबच्या आत शिशाची राखाडी रेघ दिसते. टॉर्च मारून बघा. ट्यूब दाबणारे ग्रब स्क्रू तीन असतील तर समान आवळा, एकाच बाजूने ताण आला तर साइट तिरपी बसते. स्पर्धेत उतरणार असाल तर नियम बघा: १० मीटर एअर रायफलमध्ये यंत्राच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या नळीच्या टोकापर्यंत ८५० मिलिमीटरची मर्यादा आहे, रायफलचं वजन साडेपाच किलो, ट्यूबला भोकं पाडायची नाहीत आणि आत काहीही बसवायचं नाही.

साइट पुढे नेली की दोन गोष्टी नव्याने लावाव्या लागतात. एक, क्लिक (साइट सरकवणाऱ्या नॉबचा एक टप्पा). अंतर ७०० वरून ८५० झालं की रिअर साइटची तीच क्लिक टार्गेटवर आधीच्या ०.८२ पटच सरकवते. जुन्या सवयीने पाच क्लिक देणारे कमी पडतात, सहा द्या. दोन, रिंग (फ्रंट साइटमधलं गोल कडं). डोळ्यापासून फ्रंट साइट ७५० वरून ९०० मिलिमीटरवर गेली की ३.८ मिलिमीटरची रिंग लहान दिसते आणि काळ्या वर्तुळाभोवतीची पांढरी कड बारीक होते. आधीसारखी दिसायला ४.५ ची रिंग लागते. रिंग न बदलता मारलं की कड कुठे जाड कुठे पातळ ते कळत नाही, आणि दोष ट्यूबला जातो.

पन्नाशी उलटलेल्या मंडळींना ही ट्यूब जास्त मानवते. ७५० मिलिमीटरवर नजर स्थिर करायला डोळ्याला १.३३ डायॉप्टरचा जोर लागतो, ९०० वर १.११. चष्म्याचा नंबर बदलण्याआधी ट्यूब लावून बघा.

दुर्बीण लावली असेल तर हे सगळं साइट-प्रकरण बाद. मग लांबीकडून उरतं फक्त वजन आणि तोंडाशी कमी झालेला दाब. दाब कमी म्हणजे आवाज आणि उसळी कमी, तेवढं मान्य.

कागदोपत्री एक. आर्म्स ॲक्ट १९५९ नुसार बंदुकीची नळी परवानगीशिवाय कापून आखूड करणं गुन्हा आहे, आणि ओळखक्रमांक पुसलेलं किंवा नसलेलं हत्यार बाळगणंही. पॉइंट टू-टूची बॅरल बदलायची तर काम परवानाधारक विक्रेत्यामार्फत, नोंद परवान्यावर. घरी लेथवाल्याकडे नेऊ नका, ओळखीचा असला तरी. ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याच्या बाहेर आहे, पण ट्यूब लावायची ती वजन आणि अंतरासाठी, जोर वाढवायला नव्हे.

साफसफाई. १०/२२ पद्धतीच्या रायफलीचा रिसीव्हर मागून बंद, म्हणून रॉड तोंडाकडून घालावा लागतो. २२ इंची बॅरलला त्याहून पुरेसा लांब, वाकणार नाही असा एकसंध रॉड आणि तोंडावर बोअर गाइड (रॉड मधोमध धरणारी टोपी) हवाच. तीन तुकड्यांचा जोडरॉड वाकला की क्राउनच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या, कडेवर घासतो, आणि क्राउन एका बाजूने झिजली की ग्रुप पसरतो. खेचण्याची दोरी घेतली तर चेंबरकडून तोंडाकडे खेचता येते, मळही त्याच दिशेने जातो. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात टिनशेडमध्ये बारीक पिठासारखी बसते. रायफल झाकलेली ठेवा आणि बॅरलमध्ये तेल सुकं पुसून मगच काडतूस भरा. तेलकट बॅरलमधून पहिल्या काही गोळ्या ग्रुपच्या बाहेर पडतात, त्या मोजू नका.

पुढच्या नोंदीसाठी राहिलेलं काम: एकाच १८ इंची बॅरलवर ट्यूब लावून आणि काढून, एकाच बॅचची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसं, ५० मीटर, लोखंडी साइट, पालथं पडून. वेळ सकाळी नऊच्या आत. नंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळा टार्गेटची कड हलवतात आणि चूक बॅरलची की हवेची ते सांगता येत नाही. ज्यांच्याकडे परवान्यावरची पॉइंट टू-टू आहे त्यांनी प्रत्येक ग्रुपच्या कागदावर तापमान, काडतुसाची बॅच आणि रिंगचा आकार लिहून ठेवावा.