ग्राइमच्या तळघरात 'वन्स मोअर'

ग्राइम म्हणजे लंडनचं वेगवान रॅप संगीत. ते ऐकायला गेलो आणि दारातच फजिती झाली. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये, पासपोर्ट घरी. दारावरच्या गड्याने नुसती मान हलवली. चाळिशीला टेकलेल्या माणसाकडे वयाचा पुरावा मागितला याचा राग मानावा की आनंद, हे ठरवत घरी जाऊन परत आलो. मूळ ओळखपत्र खिशात ठेवाच.

परतलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि काही बुडालं नव्हतं. दार दहाला उघडलं तरी रंग मध्यरात्रीनंतरच भरतो.

पूर्व लंडनच्या डाल्स्टनमधलं ठेंगणं तळघर. ग्राइमचं माहेर, बो ही वस्ती, इथून फार लांब नाही. डेक्सभोवती, म्हणजे डीजेच्या रेकॉर्ड वाजवायच्या टेबलाभोवती, पाच-सहा एमसी (रॅप करणारे) आणि माईक दोनच. मिनिटाला 140 ठोके, म्हणजे सोळा बार (चार-चार ठोक्यांची आवर्तनं) जेमतेम 27 सेकंदांत संपतात. तेवढ्यात आपलं म्हणणं मांडायचं आणि माईक पुढच्याच्या हातात द्यायचा. ही सवय चोरट्या रेडिओची. रिन्स एफएम 1994 पासून विनापरवाना चालायचं, परवाना मिळाला 2010 मध्ये. छोट्या खोलीत पोरांची झुंबड आणि प्रत्येकाला माईक हवा, असा तो मामला.

आणि मग रीलोड. एका पोराने पहिल्या चार ओळी टाकल्या न टाकल्या तोच गर्दी खवळली. बंदुकीसारखी बोटं हवेत, भिंतीवर थापा. डीजेने रेकॉर्ड खर्रकन उलटी फिरवली. क्षणभर नुसता आरडाओरडा, आणि तोच तुकडा पहिल्यापासून! आपल्याकडे नाट्यपदाला वन्स मोअर मिळतो तो पद संपल्यावर. इथे ऐन भरात गाणं तोडून देतात. जमैकन साउंड सिस्टीमकडून, म्हणजे मोठाले स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्या डीजे मंडळींकडून, आलेली ही रीत यूट्यूबवर बघताना मला वैताग यायचा. तिथे उभं राहिल्यावर तिसऱ्या वेळी मीच भिंत बडवत होतो.

म्हणून जागा नीट निवडा. मागे बारजवळ उभं राहिलात तर नुसता गोंगाट ऐकू येईल. डेक्सच्या बाजूला, पण स्पीकरपासून चार हात दूर राहा. कानात इअरप्लग हवेतच. बास तसाही बरगड्यांतून ऐकू येतो. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. ओळीचा शेवटचा शब्द सगळे मिळून ओरडतात, तेवढा पकडा. जाकीट क्लोकरूममध्ये टाका, आत घामाच्या धारा लागतात.

शेजारचा एक जुना श्रोता सांगत होता, पूर्वी असे कार्यक्रम आयत्या वेळी रद्द व्हायचे. कार्यक्रमाआधी भरून द्यायचा लंडन पोलिसांचा 696 नंबरचा जोखीम-फॉर्म ग्राइमवाल्यांना आपल्यावरच रोखलेला वाटायचा. 2017 मध्ये तो बंद झाला.

शुक्रवार-शनिवारी डाल्स्टन जंक्शनहून रात्रभर ओव्हरग्राउंड रेल्वे मिळते, पण फक्त हायबरी अँड इझलिंग्टन ते न्यू क्रॉस गेट एवढीच. मी डब्यात बसलो तेव्हा समोरचा पोरगा गुडघ्यावर बोटांनी तोच तुकडा वाजवत होता.