दुखतंय पायात, मग यंत्र डोक्याला का?

‘दुखतंय पायात आणि यंत्र लावताय डोक्याला. म्हणजे हे सगळं मनाचंच आहे ना?’

जुनाट दुखण्याच्या पेशंटना मेंदूवर बाहेरून चुंबकीय उत्तेजन द्यायचं काम मी करते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कधी पेशंट विचारतो, पण बहुतेक वेळा त्याच्यासोबत आलेलं माणूस. तो प्रश्न ऐकताना पेशंटचा चेहरा कसा पडतो, ते मी समोर उभी राहून पाहत असते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, फार मनावर घेऊ नका’ हे ऐकून ऐकून तो आधीच थकलेला असतो. म्हणून तुम्ही विचारलंत की मी उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून सांगते. नाही, दुखणं मनाचं नाही. ते खरं आहे.

ठेच लागते पायाच्या बोटाला, पण तिची कळ जाणवून देतो मेंदूच. त्या कळीला कुणी मनाची म्हणत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि त्यात पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते किंवा नसच बिघडलेली असते. नागीण बरी होते, पण कातडीची आग राहते. मधुमेहाने तळपायांच्या नसा खराब होतात. अर्धांगवायूनंतर तर हातापायाला काहीही न लागता काहींचं अर्धं अंग जळतं. आणि ज्यांचा पाय कापावा लागला, त्यांच्यातल्या अनेकांना त्या नसलेल्या पायाची बोटं दुखतात. त्या बोटांना मलम लावायचं कुठे? दुखण्याची वाट वर मेंदूपर्यंत जाते, तेव्हा उपचार त्या वाटेवर वरच्या टोकालाही करता येतो.

यंत्र म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची एक कॉइल, तारेचं वेटोळं. तिच्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आरपार जातं आणि आत, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, मेंदूच्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण करतं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे करून दाखवलं. भूल नाही, चिरफाड नाही. आणि हे ‘शॉक’ नव्हेत, पेशंट पूर्ण जागा असतो, मध्येच माझ्याशी बोलतो.

पहिल्या दिवशी मी जागा शोधते. डावीकडे दुखत असेल तर डोक्याच्या उजव्या बाजूला कॉइल टेकवून थोडी पुढे, थोडी मागे सरकवत एकेक पल्स, म्हणजे चुंबकीय ठोका, देते. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका ठिकाणी मांडीवर सैल पडलेल्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. पेशंटने तो हलवलेला नसतो. तो आधी अंगठ्याकडे बघतो, मग माझ्याकडे. अंगठा जेमतेम उडेल इतकी ताकद किती, ते मी लिहून घेते आणि उपचार त्याहून थोड्या कमी ताकदीवर देते. बहुतेकदा सेकंदाला दहा पल्स, काही सेकंद देऊन मग विसावा, असं वीसेक मिनिटं. टकटक मोठी असते, म्हणून कानात बोळे. डोक्याच्या कातडीवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं, काहींचं नंतर डोकं दुखतं.

अंगठा उडवणाऱ्या त्या जागेला, म्हणजे मेंदूतल्या हालचालींच्या केंद्राला, उत्तेजन दिल्यावर दुखणं कमी व्हावं, हे मला आजही विलक्षण वाटतं. जपानमध्ये मेंदूचे सर्जन त्सुबोकावा यांनी १९९१ मध्ये शस्त्रक्रियेने तिथे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणाऱ्या पट्ट्या, बसवले, तेव्हा इतर उपायांना न जुमानणारी दुखणी हलली. तीच जागा आता बाहेरून गाठतात. तिथून मेंदूच्या खोलवरच्या भागांकडे मज्जातंतू जातात, आणि शरीर स्वतः बनवतं ती अफूच्या जातीची रसायनंही यात भाग घेतात, असं प्रयोगांत दिसलंय.

मग हा नुसता विश्वासाचा गुण नाही कशावरून? तसाच आवाज करणारी पण उत्तेजन न देणारी खोटी कॉइल वापरून हे तपासतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात नसांच्या दुखण्याचे दीडशेच्या आसपास पेशंट होते. हालचालींच्या केंद्रावर खरं उत्तेजन मिळालेल्यांना खोट्यापेक्षा जास्त आराम पडला. कपाळामागच्या ज्या भागावर नैराश्यासाठी उत्तेजन देतात, तिथे मात्र खऱ्या-खोट्यात फरक दिसला नाही. जागेवर इतकं अवलंबून असतं. दुखणं केवळ मनाचं असतं तर उलट घडायला हवं होतं, असं मला वाटतं.

तरी मी कुणाला ‘दुखणं जाईल’ असं सांगत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये नसांच्या दुखण्यासाठी या पद्धतीला पुराव्याचा सर्वांत वरचा दर्जा दिला, तर उपचारांचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने सगळ्या जुनाट दुखण्यांचे अभ्यास एकत्र पाहून पुरावा कच्चा आणि फायदा छोटा, थोड्या काळाचा असं म्हटलं. मला रोज दिसतं तेही याच्या अधेमधेच असतं. काहींना काही फरक पडत नाही, काहींना तिसरा हिस्सा आराम पडतो. आठ-दहा सेशननंतर एखादी बाई सांगते की रात्री पांघरूण पायावर सहन झालं. ऐकायला एवढंसं, पण ती त्यामुळे झोपलेली असते. हा आराम ओसरतो, म्हणून अधूनमधून पुन्हा यावं लागतं.

डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात आत बसवलेलं यंत्र) असेल, किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर लपवू नका. उत्तेजनामुळे फिट येणं फार क्वचित घडतं, पण घडतं. चुंबकाऐवजी मिठाच्या पाण्यातले स्पंज डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअर इतकी बारीक वीज देणारी छोटी यंत्रं घरी वापरायलाही मिळतात. ती स्वतःच्या मनाने लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पंज सुकला तर कातडी भाजते, आणि जागा चुकली तर कळणारही नाही.

आणि सोबत येणाऱ्यांना एक विनंती. गुण आला नाही की ‘बघ, मनाचंच होतं’ हे वाक्य तयार असतं. रक्तदाबाची एक गोळी लागू पडली नाही तर डॉक्टर दुसरी देतात, रक्तदाब खोटा होता असं म्हणत नाहीत. इथेही आम्ही औषधं, व्यायाम, झोप सगळं पुन्हा बघायला घेतो, आणि त्या बैठकीला तुम्हीही या.