ब्रेक्झिट झालं, पण कागदपत्रं काही संपेनात

२३ जून २०१६ ला ब्रिटनने मतदान केलं, ५१.९ टक्के लोक म्हणाले युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं, आणि खरं सांगू का, मला वाटलेलं दोनेक वर्षांत निपटेल सगळं. कसलं काय! प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं, तोवर पंतप्रधानपदावरून कॅमेरॉन गेले, थेरेसा मे पण गेल्या.

युनियनसोबतच्या व्यापार करारात टॅरिफ (आयात कर) शून्य आहे ना, मग अडचण कुठंय असं लोक विचारतात, पण अडचण टॅरिफची नाहीच हो, ती आहे कस्टम्सच्या फॉर्मची, माल कुठे बनला याच्या पुराव्याची, मांस-चीजला लागणाऱ्या हेल्थ सर्टिफिकेटची, मोठ्या कंपन्या माणसं ठेवून हे निभावतात, कित्येक छोट्यांनी मात्र युरोपला माल पाठवणंच सोडलं.

उत्तर आयर्लंडचा घोळ तर विचारूच नका, तो ब्रिटनचाच भाग, पण शेजारचा आयर्लंड देश युरोपियन युनियनमध्ये. या दोघांमध्ये जमिनीवर बॉर्डर नको म्हणून तपासणी समुद्राकडे ढकलली, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत कस्टम्स! २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कने, म्हणजे ब्रिटन आणि युनियनमधल्या नव्या समझोत्याने, जरा सैल झालं एवढंच.

आणि इमिग्रेशन कमी व्हावं म्हणून कितीतरी जणांनी मत दिलेलं ना, नंतर नेट मायग्रेशन (आलेले वजा गेलेले) विक्रमी वाढलं, फक्त माणसं युरोपऐवजी बाकीच्या जगातून आली.