तुम्ही विचारलंत म्हणून: धर्माबादचा माणूस हैदराबादकडून कामून?

मार्च संपत आला की आमच्या अडतीवर हा प्रश्न येतोच. पुण्याचा व्यापारी मिरचीच्या भावावर घासाघीस करून झाली की चहाचा कप हातात घेऊन विचारतो, "तुम्ही नांदेड जिल्ह्यातले, चांगले मराठी माणूस. मग आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स सोडून हैदराबाद कसं काय?" मोंढ्यातली, म्हणजे बाजारातली, पोरं तेच सरळ विचारतात, "मामा, कामून ओ हैदराबाद?" उत्तर एका चहात संपणारं नाही म्हणून मी आजवर हसून टाळत आलो. आता लिहूनच काढतो.

आधी गाडीचं सांगतो. आमच्या स्टेशनातून देवगिरी एक्स्प्रेस जाते. तिचं एक टोक मुंबईला, दुसरं हैदराबादकडं. मुंबईच्या बाजूला बसलं तर रात्र काढावी लागते. दुसरीकडं बासर आलं, गोदावरीच्या पुलावरून पाण्यात नाणं टाकलं, निजामाबाद गेलं, की सिकंदराबादच. आमच्या रेल्वे विभागाचं मुख्यालयसुद्धा तिथंच आहे. आईचं डोळ्याचं ऑपरेशन हैदराबादला, बहिणीच्या लग्नाचा बस्ता हैदराबादला, मिरचीचा निम्मा माल हैदराबादला. मुंबई मी पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या तिशीत, तीही मंत्रालयात एका कागदासाठी.

त्यामागं इतिहास आहे, तो तुम्हाला माहीत असेलच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. पुढं १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. आजोबा शाळा उर्दूत शिकले आणि हिशेब मोडीत लिहायचे. निजामाच्या काळातलं हैदराबाद गॅझेट म्हणजे काय हे बाकीच्या महाराष्ट्राला आता आता कळलं. आमच्या घरी ते राज्य नको होतं, पण शहर तोडून टाकावं असं कधी कुणाला वाटलं नाही.

आता क्रिकेट. २००८ साली आयपीएलचे आठ संघ विकले गेले. हैदराबादचा संघ डेक्कन क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या कंपनीनं १० कोटी ७० लाख डॉलरला घेतला आणि नाव ठेवलं डेक्कन चार्जर्स. आठांपैकी शहराचं किंवा राज्याचं नाव न लावलेला हा एकच संघ. कंपनीनं आपल्या पेपरचं नाव पुढं केलं, एवढाच त्यातला हिशेब. पण मला ते वाचून वाटलं, डेक्कन म्हणजे दख्खन, म्हणजे आपणही आलो की यात! वर छातीवर शिंगं रोखलेला बैल. मोंढ्यात बैलाला पाठिंबा द्यायला वेगळं कारण लागत नाही. आणि बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर त्या पहिल्या वर्षी याच संघात होता. माझ्यापुरता प्रश्न तिथंच मिटला.

पहिलं वर्ष मात्र असं गेलं की तोंड लपवावं. लक्ष्मणनं संघाला लिलावात जास्त पैसे उरावेत म्हणून 'आयकॉन' खेळाडूचा, म्हणजे लिलावाशिवाय संघात येऊन सगळ्यांत जास्त पैसे घेणाऱ्याचा, मान सोडला होता. त्या पैशांत सायमंड्स आला, गिलख्रिस्ट, गिब्ज, आफ्रिदी आले, विशीतला रोहित शर्मा आला. कागदावर बघावं तर धडकी भरावी अशी टीम. निकाल काय, तर १४ पैकी २ विजय आणि तळाचा नंबर. हैदराबादच्या उप्पल मैदानावरचे सातही सामने हरले. जिंकलेल्या दोनांतला एक नवी मुंबईत, मुंबईविरुद्ध, गिलख्रिस्टच्या नाबाद १०९ धावांच्या जोरावर दहा गडी राखून. तो एक सामना मी वर्षभर पुरवून पुरवून वापरला.

२००९ ला निवडणुकांमुळं स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली आणि तळाचा संघ तिकडं जाऊन चॅम्पियन झाला. घरी सगळे हरलेले, परदेशात जिंकले. आमच्याकडं अशा पोराला म्हणतात, गावात गुरं राखतंय आणि बाहेर पाटीलकी करतंय. सेंच्युरियनला रोहितनं मुंबईविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, ६ धावांत ४ बळी. हो, आपल्याच रोहितनं, मुंबईविरुद्धच! पुण्याचे व्यापारी यावर विश्वास ठेवत नाहीत, मोबाइलवर दाखवावं लागतं. उपांत्य सामन्यात दिल्लीविरुद्ध गिलख्रिस्टनं ३५ चेंडूंत ८५ ठोकले.

अंतिम सामना बंगळूरविरुद्ध, २४ मे, रविवार, रात्रीची वेळ. त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग असं होतं की घरी टीव्ही बघायचा नाद सोडलेला. अडतीत संगणकासाठी एक इन्व्हर्टर होता, म्हणून आम्ही आठ-नऊ जण तिथं जमलो. मेचा महिना, मागं मिरचीची पोती थप्पीला, आणि पंखा लावला की तिखट उडायचं. शिंकत, डोळे पुसत मॅच बघत होतो. कुंबळेनं पहिल्याच षटकात गिलख्रिस्टला शून्यावर उडवला, तेव्हा दोघं उठून घरी गेले. गिब्ज तेवढा शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद ५३. आपले १४३. कुंबळेनं १६ धावांत ४ घेतले, आणि हरलेल्या संघात असून सामनावीर तोच ठरला.

बंगळूरचा पाठलाग चालू असताना इन्व्हर्टर टी-टी करायला लागला. बॅटरी उतरलेली. मालक उठून म्हणाले, "पंखा बंद करा, बल्ब काढा, टीव्ही तेवढा राहू द्या." अंधारात टीव्हीच्या उजेडात आमचे घामेजलेले चेहरे, आणि शेवटच्या षटकात १५ हव्या. आर. पी. सिंगनं आठच दिल्या. ६ धावांनी जिंकलो. ओरडलो तेव्हा पोत्यांवर झोपलेला हमाल खाली आला आणि त्याला वाटलं आग लागली.

पुढच्या वर्षी आणखी गंमत. तेलंगणाचं आंदोलन पेटलेलं, म्हणून चॅम्पियन संघाचे घरचे सामने हैदराबादेत झालेच नाहीत. ते कटकला, नवी मुंबईत आणि नागपूरला गेले. म्हणजे हैदराबादचं घर महाराष्ट्रात आलं! मी आणि मेहुणा रात्रीच्या बसनं नागपूरला गेलो. जामठ्याचं मैदान शहराबाहेर, वर्धा रोडला. विदर्भातली गर्दी कुणाकडून ओरडावं या गोंधळात होती, सचिन नाही म्हटल्यावर निम्मा जोर गेलेला. बाहेर एका पोराकडून बैलाची टोपी घेतली, ती आजही अडतीत काट्याच्या वर खिळ्याला आहे. त्या वर्षी आपण उपांत्य फेरीत चेन्नईकडून हरलो. २०११ च्या लिलावात रोहित मुंबईनं नेला. पुढचं तुम्हाला पाठच आहे.

मग कंपनी कर्जात बुडाली. २०१२ च्या सप्टेंबरात बीसीसीआयनं करारच रद्द केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबरात चार्जर्स संपले. लवादानं २०२० ला मालकांना ४,८०० कोटींच्या वर भरपाई देऊ केली, ती उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी रद्द केली. एवढ्या रकमेचे आकडे बघून आमचे मालक म्हणाले, "मिरचीत नाही बा एवढा तिखटपणा."

हैदराबादसाठी पुन्हा बोली झाली आणि चेन्नईच्या सन टीव्हीनं वर्षाला ८५ कोटी ५ लाख देऊन संघ घेतला. नाव सनरायझर्स. संगकारा तोच, स्टेन तोच, बरेचसे गडी तेच, पण कागदोपत्री संघ नवा. २००९ ची ट्रॉफी सनरायझर्सच्या खात्यात धरत नाहीत, आणि जिच्या खात्यात आहे ती फ्रँचायझी उरलेली नाही. अडतीत माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त पाटीवरचं नाव बदललं तर जुनी उधारी कुणी सोडत नाही. इथं मात्र सोडली. मला हे अजूनही पटत नाही. आणि 'दख्खन'मध्ये मी होतो, 'सनरायझर्स'मध्ये कुठं बसतो ते मला नीट सांगता येत नाही. तीन वर्षं मी थोडा लांबच राहिलो.

परत ओढला गेलो २०१६ ला. ते वर्ष मराठवाडा विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. इकडं खेळपट्ट्यांवर पाणी मारायचं चाललेलं. मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. तेरा सामने हलले, मुंबईतला अंतिम सामनासुद्धा बंगळूरला गेला. आमच्या गावात तेव्हा टँकर तीन दिवसाआड होता. तो निकाल बरोबर की नुसता दिखाऊ, यावर मोंढ्यात बरीच भांडणं झाली. मैदानाचं वाचलेलं पाणी काही आमच्या हंड्यात आलं नाही हे खरं, पण कुणाला तरी आमची आठवण झाली एवढंही त्या उन्हाळ्यात पुष्कळ वाटलं. आणि त्या हललेल्या सामन्यात, बंगळूरच्याच मैदानावर, सनरायझर्सनी २०८ करून बंगळूरला ८ धावांनी हरवलं. वॉर्नरचे ६९, कटिंगचे १५ चेंडूंत ३९. समोर तोच संघ, पुन्हा थोडक्यात. आमच्या दुष्काळानं हललेली फायनल आमच्याच हैदराबादनं जिंकली, असं मी सांगतो तेव्हा व्यापारी डोक्याला हात लावतात.

तक्रारी आहेत. सिराज हैदराबादचा, पहिल्यांदा सनरायझर्सनीच घेतला आणि एका हंगामात सोडून दिला. ज्या वॉर्नरनं ट्रॉफी दिली त्याला २०२१ मध्ये कप्तानीवरून काढून बाकावर बसवला. जालन्याचा विजय झोल बंगळूरकडं गेला, तुळजापूरचा हंगर्गेकर चेन्नईकडं. आमच्या पट्ट्यातली पोरं पुण्याच्या वाटेनं वर जातात, हैदराबादला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही.

तरी २७ मार्च २०२४ ला, मुंबईविरुद्ध ३ बाद २७७ झाले तेव्हा, ठाण्याच्या भाच्याला मी मुद्दाम फोन लावला. मुंबईनंही २४६ केले, पोरगं शेवटपर्यंत आशेवर. "मामा, तुम्ही आमच्या बाजूनं असायला पाहिजे ओ," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या आजीचा डोळा कुठं नीट झाला ते विचार तिला. त्याच वर्षी चेन्नईत झालेल्या फायनलला आपण ११३ त गुंडाळलो गेलो, तेव्हा त्यानंही फोन लावला. मी उचलला नाही.

परवा अडतीत नवीन पोरगा कामाला लागला. खिळ्यावरची टोपी काढून झटकली, बैल बघितला आणि म्हणाला, "मामा, ही सरकी-पेंडीच्या कंपनीची हाय का? एखादी मला बी मिळंल का?"